पेटीतला समुद्र

मालवणच्या किनाऱ्यावर एक गाव आहे. त्या गावात आमच्या ओळखीच्या एक काकी राहतात. काकींचे घर समुद्राला लागून आहे. घराच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना भाड्याने देतात. मुंबई-पुण्याकडची माणसे येतात. सिंधुदुर्ग किल्ला पाहतात. काकींच्या हातची माशाची कढी खातात आणि तृप्त होऊन जातात.

काकींचा मुलगा हौशी. त्याच्या मनात आले, पाहुण्यांना घरात बसल्या जागी समुद्र दाखवावा. त्याने शहरातून शंभर लिटर पाणी मावेल अशी काचेची पेटी आणली. सकाळी ती पडवीत मांडली. दुपारी समुद्राचे पाणी भरले. संध्याकाळी पाच रंगीत मासे सोडले. शेजारीपाजारी बघायला जमले. पोरे तर जेवायलाही उठेनात.

आठव्या दिवशी आम्ही त्या घरी गेलो. पेटीतले पाणी काचेसारखे स्वच्छ होते. पण पाचांपैकी एकही मासा उरला नव्हता. मुलगा खाली मान घालून बसला होता. खोल्यांच्या भाड्याचे चार पैसे साठवले होते, ते सगळे पाण्यात गेले होते. काकी आम्हाला म्हणाल्या,

"आमी दर्याकाठची माणसां. मासो मारूक आमका येता, पण जगवूक येणा नाय!"

काकी हसत म्हणाल्या; पण बोल खरा होता. त्या दिवशी आमच्याजवळही उत्तर नव्हते. मग आम्ही जाणत्या माणसांना विचारले, पुस्तके पाहिली आणि काकींच्या मुलाबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यात आम्हीही चुकलो. चुकत चुकत जे शिकलो, ते या पाठात सांगत आहोत.

न दिसणारे विष

मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्याचे उरलेले अन्नही पाण्यातच कुजते. या सगळ्यातून अमोनिया नावाचे विष तयार होते. ते डोळ्यांना दिसत नाही. पाणी स्वच्छच दिसते. पण माशाच्या कल्ल्यांना त्याचा दाह होतो. त्याला श्वास घेता येत नाही. तो वर येऊन तोंड उघडझाप करतो आणि मरतो.

मग समुद्रातले मासे का मरत नाहीत? एक तर समुद्र अफाट. तिथे थोडीशी घाण कुठल्या कुठे विरून जाते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. समुद्रातल्या वाळूवर आणि दगडांवर फार बारीक जंतू राहतात. सगळेच जंतू रोगाचे नसतात, बरे का! यांतले काही जंतू अमोनिया खातात. त्यापासून नायट्राइट नावाचा पदार्थ होतो. तोही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट थोडे असले तर मासा ते सोसतो.

शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. ताजे शेण रोपाच्या बुंध्याशी टाकले तर रोप जळते. तेच शेण खड्ड्यात कुजू दिले की त्याचे खत होते. खड्ड्यात काम कोण करते? न दिसणारे जंतूच करतात. आपण फक्त वाट पाहतो.

पेटीतही वाट पाहावी लागते. पेटी भरल्यावर हे जंतू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या दिवसांत पेटीत मासा सोडायचा नाही. रोज चिमूटभर खाद्य तेवढे टाकायचे. ते कुजते आणि त्यावर जंतू वाढतात. जंतूंना राहायला जागाही लागते. म्हणून पेटीत वाळू आणि बारीक भोकांचे दगड ठेवतात. असे भाजून तयार केलेले दगड दुकानात मिळतात.

पाणी तयार झाले की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी तपासणीचे थेंब मिळतात. नळीत पेटीचे पाणी घ्यायचे, त्यात थेंब टाकायचे आणि पाण्याचा रंग सोबतच्या कागदावरच्या रंगाशी ताडून पाहायचा. अमोनिया आणि नायट्राइट आधी वाढतात, मग उतरतात. दोन्ही शून्यावर आले म्हणजे पाणी तयार झाले. तेव्हा पहिला मासा सोडावा. दुसरा मासा लगेच सोडू नये. आणखी दोन-तीन आठवडे थांबावे. घरात एक माणूस वाढले तर भाकरी जास्त थापावी लागते. तसेच एक मासा वाढला की जंतूंचे काम वाढते. त्यांनाही तयारीला वेळ हवा.

काकींच्या मुलाने सकाळी पेटी मांडली आणि संध्याकाळी पाच मासे सोडले. मासे कशाने मेले, ते आता आपल्याला कळले.

पाणी आटते, मीठ आटत नाही

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे शंभर लिटरच्या पेटीत साडेतीन किलो. आता हिशोब करू. उन्हाळ्यात पेटीतले दहा लिटर पाणी आटले. नव्वद लिटर उरले. मीठ किती उरले? साडेतीन किलोच! पाणी कमी झाले आणि मीठ तेवढेच राहिले. म्हणजे पाणी जास्त खारट झाले. आता लिटरमागे ३५ नव्हे, जवळजवळ ३९ ग्रॅम मीठ झाले.

हे कोकणात कुणाला सांगायला नको. १९३० साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. तिथल्या मिठागरात काय होत असे? खाजणाचे पाणी वाफ्यात घेत. उन्हाने पाणी उडून जाई आणि मीठ खाली राही. शेजारचे म्हातारे तांडेल हे ऐकून म्हणाले, "पाणी आटता, मीठ आटणा नाय." एका वाक्यात त्यांनी सगळे शास्त्र सांगितले.

म्हणून नियम असा, की आटलेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घालायचे, खारे नव्हे. पेटीच्या काचेवर बाहेरून रंगाने एक रेघ ओढून ठेवावी. पाणी रेघेच्या खाली गेले की तेवढेच गोडे पाणी घालावे. हे रोज करावे. आठवड्याचे पाणी एकदम ओतले तर पाण्याचा खारटपणा झटकन बदलतो. तो धक्का माशांना सोसत नाही.

खारटपणा मोजायला हायड्रोमीटर नावाचे साधन असते. एक लिटर गोडे पाणी सुमारे एक हजार ग्रॅम भरते. एक लिटर समुद्राचे पाणी सुमारे १०२५ ग्रॅम भरते. म्हणून हायड्रोमीटरचा काटा १.०२५ च्या आसपास दिसला की खारटपणा बरोबर आहे असे समजावे.

कोणते पाणी आणि कोणते भांडे

आटलेले पाणी वेगळे आणि पाणी बदलणे वेगळे. नायट्रेट पेटीत हळूहळू साठत जाते. ते कमी करायला दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी पेटीतले दहावा हिस्सा पाणी काढून टाकावे. त्याच्या जागी नवे खारे पाणी घालावे.

ते कुठून आणायचे? समुद्र दारात असला तरी कुठलेही पाणी चालत नाही. जेटीजवळच्या पाण्यावर होड्यांचे तेल असते. खाडीच्या मुखाशी पाणी कमी खारे असते. पावसाळ्यात तर नद्या, ओढे समुद्राला मिळतात. किनाऱ्याचे पाणी गढूळ आणि अळणी होते. म्हणून वस्तीपासून दूर, भरतीच्या वेळी, पावसाळा सोडून पाणी घ्यावे. दाट फडक्यातून गाळावे. झाकून ठेवावे आणि मोजल्याशिवाय वापरू नये.

समुद्र दूर असेल त्यांनी मत्स्यालयासाठी तयार केलेले सागरी मीठ घ्यावे. जेवणातले मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात नुसते मीठ नसते. त्यात चुना, मॅग्नेशियम असे इतरही क्षार असतात. ते जेवणाच्या मिठात नसतात. सागरी मीठ वेगळ्या बादलीत गोड्या पाण्यात विरघळवावे. एक दिवस ढवळते ठेवावे. मग मोजून पेटीत घालावे. मासे असलेल्या पेटीत सुके मीठ कधीही टाकू नये.

गोडे पाणीही पारखून घ्यावे. विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकली असेल तर ते पाणी लगेच वापरू नये. त्यातला क्लोरीन माशांना आणि आपल्या उपयोगी जंतूंनाही मारतो. असे पाणी उघड्या बादलीत निदान एक दिवस ठेवावे.

आता आमची चूक सांगतो. दुसऱ्या खेपेला पाणी सहा आठवडे तयार केले. मग दोन समुद्री गोगलगायी आणि एक छोटी कोळंबी सोडली. सगळे छान चालले होते. त्या दिवसांत आम्ही काकींकडेच मुक्कामाला होतो. रोज सकाळी पेटीत गोडे पाणी घालायचे काम आम्ही अंगावर घेतले. स्वयंपाकघरात रात्रभर भरलेली तांब्याची कळशी असे. तिच्यातलेच पाणी आम्ही घालत होतो. तांब्याच्या भांड्यातले पाणी शुद्ध, असे आपण लहानपणापासून ऐकतो.

आठ दिवसांत गोगलगायी काचेवरून गळून तळाशी पडल्या. कोळंबी आडवी झाली. काकींचा मुलगा आमच्याकडे बघत राहिला. तो काही बोलला नाही. त्यामुळे आम्हाला जास्तच वाईट वाटले.

गोगलगाय, कोळंबी, खेकडा या जीवांना तांबे सोसत नाही. तांब्याचा अंश अगदी थोडा असला तरी ते मरतात. पितळेतही तांबे असतेच. म्हणून पेटीच्या कामाला तांब्या-पितळेचे भांडे कधी वापरू नये. प्लॅस्टिकची एक बादली आणि एक मग पेटीसाठी वेगळा ठेवावा. त्याला साबण लावू नये. पेटीत हात घालण्याआधी हात नुसत्या पाण्याने नीट धुवावेत. हाताला खोबरेल, साबण, शेतात फवारायचे औषध असले काही असू नये. खोलीत डासांचा फवारा मारू नये. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. हवेबरोबर विषही सोडतो.

ऊन, वारा आणि वीज

शंभर लिटर पाण्याचे वजन शंभर किलोच्या वर जाते. त्यावर काच, वाळू आणि दगड. म्हणजे दोन भरली पोती आणि वर आणखी भार! म्हणून पेटी सपाट आणि भक्कम बैठकीवर ठेवावी. लटपटत्या टेबलावर ठेवू नये.

पेटीवर थेट ऊन पडू देऊ नये. उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते. पाणी २५ ते २७ अंशांच्या आसपास असावे. कोकणातल्या वैशाखात पाणी याच्या वर जाते. तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. माठाचे पाणी जसे गार होते, तसेच पेटीचे पाणी गार होते. पण वाऱ्याने पाणी लवकर आटते. रेघेकडे लक्ष ठेवावे.

पेटीत पाणी फिरवायला पंप असतो. पाणी फिरले की त्यात हवा मिसळते. माशांना ती हवी आणि जंतूंनाही हवी. काही जण फेस काढणारे यंत्र बसवतात. खवळलेल्या समुद्राच्या काठाला पिवळट फेस येतो, तो आपण पाहतो. त्या फेसात घाण असते. यंत्र तसाच फेस तयार करून बाहेर काढते. घाण कुजण्याआधीच निघून जाते.

आता विजेविषयी. हा भाग दोनदा वाचा. खाऱ्या पाण्यातून वीज गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज वाहते. म्हणून पुढच्या गोष्टी कटाक्षाने पाळाव्या.

पेटीत हात घालण्याआधी सगळी बटणे बंद करावी.

पंपाची वायर प्लगकडे नेताना आधी खाली लोंबती सोडावी आणि मग वर न्यावी. वायरवरून ओघळणारे पाणी खालच्या वाकणावरून जमिनीवर पडते. ते प्लगमध्ये जात नाही.

प्लगचा बोर्ड पेटीच्या खाली ठेवू नये. बाजूला आणि उंच ठेवावा.

विजेची गळती होताच प्रवाह तोडणारी कळ घरात बसवून घ्यावी. तिला ई.एल.सी.बी. किंवा आर.सी.सी.बी. म्हणतात. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

वादळाची रात्र

आमच्या चुकीनंतर पाणी थोडे थोडे करून जवळजवळ सगळे बदलले. पुन्हा आठवडे मोजले. या खेपेला मुलाने दोनच मासे आणले. नारिंगी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे. त्यांना विदूषक मासे म्हणतात. हे मासे समुद्रातून पकडलेले नव्हते. पैदास केंद्रात अंड्यांतून वाढवलेले होते. तामिळनाडूत मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी या माशांची पैदास करण्याची रीत बसवली आहे. असे मासे पेटीत चांगले जगतात आणि समुद्रातला मासाही कमी होत नाही.

मासे आणले ते पिशवीतून. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवली. मग अर्धा तास पिशवीत पेटीचे पाणी थोडे थोडे घातले. मग मासे अलगद सोडले. पिशवीतले पाणी पेटीत ओतले नाही. पेटीत आधीचे मासे असतील तर नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा. तो आजारी असेल तर तिथेच कळते. एका आजारी माशाने सगळी पेटी रिकामी होते.

खाणे दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. येणारा प्रत्येक पाहुणा माशांना खायला घालू पाहतो. काकींनी पेटीवर स्वतः लिहून पाटी लावली: 'माशांचे जेवण झाले आहे.' काकी गेल्याच वर्षी लिहायला शिकल्या.

जूनमध्ये वादळ झाले. संध्याकाळी वीज गेली. पंप थांबला. पाणी फिरेना. तासा-दोन तासांनी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. तेव्हा काकी उठल्या. प्लॅस्टिकचा मग घेतला. पेटीतले पाणी मगात घेऊन वीतभर उंचीवरून पुन्हा पेटीत ओतू लागल्या. पाण्याची धार पडली की तिच्याबरोबर हवा पाण्यात जाते. वीस-पंचवीस मग ओतायचे, दहा मिनिटे थांबायचे, पुन्हा ओतायचे. काकी, मुलगा आणि आम्ही, सगळ्यांनी पाळ्या लावल्या. त्या रात्री माशांना खाणे दिले नाही. वीज पहाटे आली. तोवर काकींचा हात थांबला नव्हता. दोन्ही मासे जगले.

सकाळी चहा घेताना काकी म्हणाल्या, "आजवर दर्यान आमका सांभाळल्यान. काल रात्री आमी दोन माशांक सांभाळला."

पुढे मुलाने बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप आणून ठेवला. पेटी ठेवणाऱ्या प्रत्येकाने तो ठेवावा. वादळ सांगून येत नाही.

पोवळे समुद्रातच शोभते

एक दिवस मुलाने वेगळाच बेत सांगितला. "पेटीत नुसते दगड दिसतात. उद्या बुडी मारतो आणि खडकावरचे पोवळ्याचे दोन तुकडे आणतो. पाहुणे खूश होतील."

म्हातारे तांडेल ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारले, "पोवळां म्हणजे दगड काय रे?"

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, पोवळे किंवा प्रवाळ म्हणजे दगड. काहींना ते झाड वाटते. ते दोन्ही नव्हे. प्रवाळ हा प्राणी आहे. खडकावर असे हजारो लहान जीव एकमेकांना चिकटून राहतात. ते पाण्यातला चुना घेऊन अंगाभोवती घर बांधतात. जीव मरतो, घर राहते. त्यावर नवे जीव घर बांधतात. अशी हजारो वर्षांत समुद्रात प्रवाळाची भिंत उभी राहते. काही जातींचे प्रवाळ वर्षभरात बोटाच्या पेराएवढेही वाढत नाहीत. आपण हातोडीच्या एका घावाने तोडतो, ते आपल्या आजोबांच्या वयाचे असू शकते.

या भिंतीच्या कपारीत मासे अंडी घालतात. पिले तिथे लपतात आणि मोठी होतात. सगळ्या समुद्रतळाच्या शंभरांत एका हिश्श्याहूनही कमी जागेवर प्रवाळ आहे. पण समुद्रातल्या प्राण्यांच्या जातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती त्याच्या आश्रयाने राहतात. म्हणजे पोवळे हे माशांचे गाव आहे. गाव मोडले तर जाळ्यात काय येणार?

प्रवाळाच्या अंगात अगदी बारीक शेवाळ राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला आसरा देतो. पाणी फार तापले की हा संसार मोडतो. शेवाळ बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरा पडतो. उष्णता लवकर ओसरली तर तो सावरतो. नाहीतर उपासाने मरतो. १९९८ साली समुद्र तापला, तेव्हा लक्षद्वीपचे पुष्कळ प्रवाळ असेच मेले. समुद्रातच ज्याला जगणे कठीण झाले आहे, त्याला शंभर लिटरच्या पेटीत कोण जगवणार?

कायदाही सांगतो, की याला हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. २००१ साली चुन्याची घरे बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना त्यात वाघाच्या बरोबरीचे संरक्षण मिळाले. समुद्रघोड्यालाही ते आहे. हे जीव तोडणे, पकडणे, विकणे गुन्हा आहे. त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. 'मी विकत घेतले, तोडले नाही' ही सबब चालत नाही. शिवाय मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटर भाग १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे.

समुद्रातून आणलेल्या दगडात माणसालाही धोका असतो. काही दगडांवर बटणासारखे मऊ जीव चिकटलेले असतात. त्यांतल्या काहींच्या अंगात फार जहाल विष असते. दगड स्वच्छ करायला उकळला, की ते वाफेतून आपल्या छातीत जाते. परदेशात अशाने घरातली सगळी माणसे इस्पितळात गेल्याची उदाहरणे आहेत. म्हणून असा दगड उकळू नये आणि गरम पाण्याने घासू नये. हाताला जखम असेल तर पेटीत हात घालू नये. काम झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

जसे समुद्रातले पेटीत आणू नये, तसे पेटीतले समुद्रात सोडू नये. सिंहमासा हा आपल्याकडच्या, पूर्वेकडच्या समुद्रांतला मासा. अमेरिकेत लोकांनी तो हौसेने पाळला. १९८५ साली तो फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ मोकळ्या समुद्रात दिसला. पाळणाऱ्यांनीच तो सोडला असावा असे मानतात. तिथे त्याला खाणारे फारसे कोणी नव्हते. तो पसरत गेला आणि तिथल्या लहान माशांचा फडशा पाडू लागला. एका माणसाला तो सोडून देणे सोपे वाटले. हजारो कोळ्यांना ते भोवले. पेटी नकोशी झाली तर मासे दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्याला द्यावेत.

काकींच्या मुलाने हे सगळे ऐकले. दुसऱ्या दिवशी तो बुडी मारायला गेला खरा, पण रिकाम्या हाताने परत आला. आता तो पाहुण्यांना आधी पडवीतली पेटी दाखवतो. पाणी कसे तयार होते ते सांगतो. मग होडीत बसवून खरे पोवळे दाखवायला नेतो. पाण्यात उतरण्याआधी बजावतो, "बघायचे. हात लावायचा नाही. पाय ठेवायचा नाही." होडीच्या फेरीचे त्याला पैसे मिळतात. पोवळे तुटले तर ते मिळणार नाहीत, हे त्याला ठाऊक आहे.

पेटीतले दोन मासे आजही आहेत. परवा एका पाहुण्याने तांडेलांना विचारले, "आजोबा, मासे सांभाळणे कठीण आहे का हो?"

तांडेल म्हणाले, "माशाक सांभाळू नको. पाण्याक सांभाळ. पाणी बरा, तर मासो बरो."

वाचा आणि सांगा

१. काकींच्या मुलाचे पहिले पाच मासे का मेले?

२. पेटीतले पाणी आटले तर कोणते पाणी घालावे? का?

३. तांब्याच्या कळशीतले पाणी पेटीत का घालू नये?

४. वीज गेली तर काय करावे?

५. शंभर लिटरच्या पेटीतले पाच लिटर पाणी आटले. मीठ किती उरले? हिशोब करून पाहा.

६. तुमच्या गावच्या विहिरीत, तळ्यात किंवा समुद्रात काय काय टाकले जाते? ते कोणाला बाधत असेल? घरच्या माणसांशी बोला.